उधळ्या पुत्राला कर्जमाफीत ओढू नका

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरले आणि कर्जमाफीचा विषय निघाला की एक दाखला हमखास कानावर पडतो. गंमत म्हणजे तो देणारे बहुतेक जण ख्रिस्ती नसतात. दाखला बायबलातल्या उधळ्या पुत्राचा. बापाकडून हिस्सा मागून घेतला, परमुलखात जाऊन उडवला, डुकरे राखायची पाळी आली तेव्हा घर आठवले. आणि बापाने काय केले, तर पोसलेले वासरू कापून जेवणावळ घातली. घरी राबणारा थोरला बिचारा दाराबाहेर. आता यात कास्तकार म्हणजे उधळ्या पुत्र, सरकार म्हणजे भोळा बाप आणि हप्ता वेळेवर भरणारा कर्जदार म्हणजे थोरला भाऊ. वर शेपूट जोडलेले असते: त्या पोराने निदान पश्चात्ताप तरी केला होता, इथे तोही नाही. आधी चूक कबूल करा, मग माफीचे बोलू.

या मांडणीतले काहीच मला मान्य नाही. तिला कास्तकार कळलेला नाही हे तर आहेच, पण जिच्या आधारावर ती उभी आहे ती गोष्टसुद्धा तिने धड वाचलेली नाही. म्हणून आधी गोष्टच घेऊ.

लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायात ती आहे. पोरगा भानावर येतो तो कशाने? पोटातल्या आगीने. बापाच्या घरी गड्यांनाही पोटभर भाकरी मिळते आणि आपण इथे उपाशी मरतो, हा त्याचा हिशेब आहे. मग तो एक भाषण जुळवतो: मी पापी, मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला गडी म्हणून ठेवा. हे भाषण मनातून आलेले की भुकेतून, हे गोष्ट सांगत नाही आणि बाप विचारतही नाही. पोरगा अजून लांब असतानाच बाप त्याला पाहतो आणि धावत सुटतो. मध्यपूर्वेतल्या खेड्यांत वर्षानुवर्षे राहिलेले अभ्यासक केनेथ बेली यांनी दाखवून दिले आहे की तिकडचा वयस्क जमीनदार गावादेखत असा धावत नाही. त्याने त्याची पत जाते. इथे पत घालवली ती बापाने. मिठी आधी पडली, भाषण मागून सुरू झाले, आणि गडी म्हणून ठेवा हे शेवटचे वाक्य उच्चारण्याआधीच बाप झगा, अंगठी आणि जोडे मागवून मोकळा झाला.

आता यावर उत्तर येईल की त्याच अध्यायात पश्चात्ताप करणाऱ्या एका पाप्याबद्दल स्वर्गात आनंद होतो असे लिहिलेले आहे, त्याचे काय? आहे, ते नाकारता येत नाही. पण ते कुठे आले आहे ते पाहा. हरवलेल्या मेंढराच्या आणि हरवलेल्या नाण्याच्या गोष्टीनंतर. मेंढराने कसला पश्चात्ताप केला? आणि नाण्याने? दोन्हीकडे शोधणारा बाहेर पडतो, सापडणे हे त्याच्या श्रमाचे फळ असते. पश्चात्ताप म्हणजे सापडून घेणे, असा काहीसा अर्थ त्यातून निघतो. आधी पश्चात्तापाची पावती दाखवा मग दार उघडतो, हा अर्थ ओढूनताणूनही निघत नाही.

थोरल्या भावाचेही तसेच. दाखला देणारे त्याला कथेचा अन्यायग्रस्त नायक करतात. त्याची तक्रार खोटी नाही; मित्रांबरोबर खायला एक करडूसुद्धा त्याला कधी मिळाले नव्हते. बाप त्याचा हिशेब खोडत नाही. पण बाप त्याच्यासाठीही घराबाहेर येतो, समजूत घालतो, जे माझे ते तुझेच आहे म्हणतो. थोरला आत गेला की नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही. ही गोष्ट सांगितली गेली जकातदारांच्या पंगतीला बसल्याबद्दल येशूवर कुरकुर करणाऱ्या परुश्यांना. म्हणजे कर्जमाफीला नाके मुरडत जे हा दाखला देतात ते नेमके त्या जागी उभे आहेत जिथे गोष्टीचे बोट रोखलेले आहे. राहिला नियमित फेड करणारा शेतकरी. त्याची बाजू रास्त आहे आणि ती उशिरा का होईना ऐकली गेली: 2019 च्या योजनेत पन्नास हजारांचा प्रोत्साहनपर लाभ जाहीर झाला, हातात पडायला 2022 उजाडले. करडू मिळाले म्हणायचे. धाकट्याला उपाशी ठेवूनच थोरल्याला न्याय मिळतो असे त्यात कुठे सिद्ध झाले?

आणि कास्तकाराने उधळले तरी काय? 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी पोखरली, त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे मेली. बियाणे बाजारातले, औषध बाजारातले, सल्लाही बाजारातलाच. केंद्रीय कापूस संशोधन संस्था याच नागपुरात वर्धा रोडवर आहे. बोंडअळी कशी आली हे समजून घ्यायला फार लांब जावे लागत नाही. 2025 मध्ये नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, 19 ऑगस्टपासून, परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढले गेले आणि ती सूट वर्षअखेरपर्यंत वाढवली. तीही माफीच. गिरण्यांना कुणी पश्चात्ताप विचारला नाही. विचारावा असेही मी म्हणत नाही. धोरण म्हणून तिची बाजू मांडता येते. माझे म्हणणे इतकेच की माफी वर दिली की तिला धोरण म्हणतात आणि खाली दिली की तिच्यातून नैतिकतेचा प्रश्न उभा राहतो.

तेव्हा दाखला द्यायचाच असेल तर दुसरा घ्या. तोही बायबलातलाच आहे, फक्त लोक तो कर्जाच्या चर्चेत घेत नाहीत, कारण तो खरोखरच कर्जाचा आहे.

मत्तयचा अठरावा अध्याय. एक राजा आपल्या चाकरांचा हिशेब घ्यायला बसतो. एका चाकराकडे दहा हजार तालांत निघतात. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. गुणाकार केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी. हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया या दोन प्रांतांतून वर्षाला दोनशे तालांत मिळत, असे जोसेफस या इतिहासकाराने नोंदवले आहे. त्या हिशेबाने हे देणे दोन प्रांतांच्या पन्नास वर्षांच्या वसुलीएवढे होते. घरगड्याच्या डोक्यावर एवढे कर्ज होत नाही. हा चाकर म्हणजे महसुलाचा मक्ता घेतलेला बडा माणूस असणार. नागपूर प्रांतात राहिलेल्यांना हे चित्र परके वाटायला नको. ब्रिटिशांच्या जमाबंदीने इथे मालगुजाराला गावाची मालकी दिली, वसुली त्याच्या हाती आली आणि 1951 मध्ये ती प्रथा संपेपर्यंत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये तो उभा होता. भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आज त्याचे नाव सांगतात. सरकारने साऱ्यात सूट दिली तर ती कुळापर्यंत पोचते की वाड्यावरच मुरते, हा प्रश्न इथल्या माणसाला शिकवावा लागत नाही.

राजा म्हणतो, याला, याच्या बायकोला, मुलांना विका. चाकर पाया पडतो आणि मुदत मागतो: थांबा, सगळे फेडतो. हे वाक्य नीट ऐका. यात पश्चात्ताप नाही, चुकीची कबुली नाही. आहे ती एक धडधडीत अशक्य थाप, कारण सहा कोटी दिवसांची मजुरी कोण फेडणार? राजालाही ते कळते. तरी तो मुदत देत नाही, कर्जच सोडून देतो. मागितले त्याहून जास्त, आणि अट एकही नाही.

बाहेर पडल्याबरोबर या चाकराला दुसरा चाकर भेटतो. त्याच्याकडे याचे शंभर दीनार आहेत. रोजगार हमीने वर्षाला ज्या शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली होती, तेवढ्या दिवसांची मजुरी. याने त्याचा गळा धरला. त्यानेही तेच शब्द उच्चारले, थांब, फेडतो; आणि त्याच्या तोंडी ते खरे होते, शंभर दिवसांत फिटणारे होते. याने त्याला तुरुंगात टाकले. इतर चाकरांनी हे पाहिले, त्यांना फार वाईट वाटले, ते जाऊन राजाला सांगून आले. राजाने पहिल्याला बोलावून एकच विचारले: मी तुझ्यावर दया केली, तशी तू त्याच्यावर करायला नको होतीस का? आणि माफी परत घेतली.

माझा सगळा प्रतिवाद या एका प्रश्नावर उभा आहे. पश्चात्ताप राजाला हवाच होता, पण तो त्याने माफीच्या आधी मागितला नाही, नंतर तपासला, आणि तोही कर्जदाराच्या तोंडात नाही, त्याच्या हातात. ज्याला सुटका मिळाली त्याने आपल्या खालच्याचे काय केले? पाया पडणे, अश्रू, कबुलीजबाब यांना या गोष्टीत कवडीची किंमत नाही. पहिला चाकर पाया पडण्यात कुठेच कमी पडला नव्हता.

आपल्या योजनांनी मात्र पाया पडण्यालाच किंमत दिली. 2008 च्या केंद्राच्या माफीत दोन हेक्टरांची रेघ ओढली. कोरडवाहू विदर्भात जमीन जरा जास्त पण पाणी नाही, अशांना सांगितले गेले की 75 टक्के भरा, मग उरलेले 25 टक्के सोडू. 2017 च्या राज्याच्या योजनेत दीड लाखाची मर्यादा, ऑनलाइन अर्ज, अंगठे, सेवा केंद्रापुढच्या रांगा. घोषणा 34,022 कोटींची, हाती आले त्याहून बरेच कमी. 21 डिसेंबर 2019 रोजी इथल्याच विधान भवनात दोन लाखांपर्यंतची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती जाहीर झाली. तिच्यात अर्जाचा खटाटोप कमी होता, एवढे श्रेय द्यायला हवे. ऑक्टोबर 2025 मध्ये बच्चू कडूंच्या आंदोलनात शेतकरी नागपूर-वर्धा मार्गावर ठाण मांडून बसले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रस्ता मोकळा करायला सांगितले, आणि 30 जून 2026 पर्यंत निर्णयाचे आश्वासन घेऊन ते उठले. दरवेळी तोच विधी चालतो. कर्जदाराने आधी रस्त्यावर लोळून दाखवायचे.

वरच्या चाकरांचे काय चालले होते? 2014-15 पासून दहा आर्थिक वर्षांत बँकांनी सुमारे 16.35 लाख कोटींची थकीत कर्जे निर्लेखित केली, हे संसदेत सांगितलेले आहे. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, हे उत्तर मला माहीत आहे आणि ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. म्हणून निर्लेखन बाजूला ठेवू, दिवाळखोरी संहितेकडे पाहू. 2016 च्या या कायद्याखाली ज्या कंपन्यांचा निकाल लागला त्यांत धनकोंना मान्य दाव्यांच्या साधारण एक तृतीयांशच हाती आले. बाकीचे सोडले. त्याला नाव आहे हेअरकट; न्हाव्याच्या दुकानातला शब्द आहे, कुणाला लागत नाही. कंपनी बुडाली तर धंद्यात जोखीम असतेच, असे आपण समजूतदारपणे म्हणतो. शेतात जोखीम नसते काय?

आणि घरचेच उदाहरण. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, म्हणजे गावच्या सोसायटीच्या मागे उभी असलेली, कास्तकाराला पीककर्ज देणारी बँक. 2001-02 मध्ये तिचे पैसे सरकारी रोख्यांच्या नावाने खासगी दलाल कंपन्यांकडे गेले, रोखे आलेच नाहीत, दीडशे कोटींच्या घरात नुकसान झाले. 22 डिसेंबर 2023 रोजी न्यायालयाने बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा दिली. त्यावर वरच्या न्यायालयात दाद मागितली गेली आहे. त्या निकालाचे काय व्हायचे ते होईल. पण निकालालाच दोन दशके लागली, आणि त्या दोन दशकांत गावचा गटसचिव एक हप्ता चुकलेल्या माणसाला नवे कर्ज नाकारत होता. शंभर दीनारांची वसुली कधी थांबली नाही.

कर्जमाफीला विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो उधळ्या पुत्राच्या आड लपवण्याची गरज नाही. एप्रिल 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी इशारा दिला होता की अशा माफीने प्रामाणिक फेडीची सवय मोडते. माफीची चाहूल लागली की चांगला कर्जदारही हप्ता थांबवतो, बँक हात आखडते, पुढच्या हंगामात कास्तकार पुन्हा सावकाराच्या ओट्यावर. हे घडते. पण यावर उपाय पश्चात्ताप हा नाही. हिशेब हा आहे. याच नागपुरात बसणाऱ्या मध्य प्रांताच्या विधिमंडळाने 1933 मध्ये, मंदीने शेतमालाचे भाव कोसळलेले असताना, कर्ज तडजोडीचा कायदा केला. मंडळे नेमली, ऋणको आणि सावकार समोरासमोर बसवले, देणे किती खरे, किती फेडता येईल ते पाहून रक्कम खाली आणायची आणि हप्ते पाडायचे असा तो मार्ग होता. तू चुकलास का, असे मंडळ विचारत नव्हते. तुझ्याने काय होईल, असे विचारत होते. निवडणुकीच्या तोंडावर सरसकट घोषणा आणि मग चार वर्षे शांतता, यापेक्षा हे किती तरी शहाणपणाचे होते.

आता उलट बाजूने येणारी एक लबाडी. हाच चाकराचा दृष्टान्त कधी कधी व्यासपीठावरून दुबळ्यांना ऐकवला जातो: पाहा, क्षमा केली नाही तर देव तुला क्षमा करणार नाही; म्हणून नवऱ्याचा मार विसर, मालकाची लबाडी सोडून दे. शिष्य पेत्राला सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगितले आहे ना! सांगितले आहे. पण त्याच अध्यायात, जरा वरच, आणखी काही सांगितले आहे. भावाने अपराध केला तर जाऊन त्याला तोंडावर सांग. ऐकले नाही तर एकदोघे साक्षीदार ने. तरीही नाही तर मंडळीपुढे मांड. आधी गाऱ्हाणे, साक्ष, पंचायत. आणि गोष्टीत तरी कुणाला क्षमा करायला सांगितले? ज्याच्या हातात दुसऱ्याचा गळा आहे त्याला. तुरुंगातल्या शंभर दीनारवाल्याला कुणी उपदेश करायला गेले नाही. इतर चाकरांनी त्याला सहनशीलता शिकवली नाही, त्यांनी तक्रार केली, आणि राजाने त्यांना चहाडखोर म्हटले नाही. राजा म्हणजे देव असे सरळ समीकरण मांडणाऱ्यांनाही एक अडचण आहे, जी ते गिळून टाकतात: पेत्राला सत्तर वेळा सात सांगितले आणि राजाने क्षमा केली ती मोजून एकदा.

क्षमा आणि न्याय एकत्र नांदू शकतात याचे उदाहरण शेजारच्याच माळव्यात आहे. इंदूरजवळच्या उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया भूमिहीनांना सावकारी पाशातून सोडवायचे काम करत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमधून जाताना त्यांना भोसकून मारले. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. 2002 मध्ये त्यांची धाकटी बहीण, तीही धर्मभगिनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. अकरा वर्षे आत काढल्यावर, कुटुंबाच्याच विनंतीमुळे, 2006 मध्ये तो सुटला आणि पुढे त्यांच्या घरी येत-जात राहिला. शिक्षा झाली, ती भोगली गेली, आणि राखी त्याने पश्चात्तापाची परीक्षा पास केल्यावर आलेली नव्हती. जिच्या चिथावणीने सुरी चालली त्या सावकारी व्यवस्थेला मात्र या राखीने माफी दिलेली नाही, आणि तशी कुणी मागूही नये.

बायबलातल्या या गोष्टी नागपूरला काही काल कळलेल्या नाहीत. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथे आले, त्यांच्या नावाचे कॉलेज 1883 पासून चालू आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या माणसाने कवी ना. वा. टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पावणेदोनशे वर्षे ही पुस्तके इथे आहेत आणि त्यांतून आपण उचलले काय, तर डुकरे राखणारे पोरगे.

माझ्या बाजूच्या लोकांना हे वाचून बरे वाटत असेल तर थोडे थांबा. दृष्टान्त राजापाशी सुरू होतो, पण कास्तकारापाशी थांबत नाही. दोन लाख माफ झालेल्या घरी सालगडी असतो. गुढीपाडव्याला त्याचा वर्षाचा करार होतो, आजारपणाला किंवा पोरीच्या लग्नाला उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत त्याला दुसऱ्याकडे जाता येत नाही. सातबारा ज्याच्या नावावर त्याला माफी मिळते. तीच जमीन मक्त्याने किंवा बटईने कसणाऱ्याने कर्ज काढले असेल तर त्याचे नाव कुठल्याच यादीत नसते, आणि माफीच्या वर्षीही तो मक्ता पूर्ण भरतो. शेतकरी संघटनांच्या मागण्यांत सातबारा कोरा करा हे अग्रभागी असते. सालगड्याची उचल कोरी करा असे कुठल्या फलकावर वाचल्याचे मला आठवत नाही. बँकेला जे विचारतो ते बांधावरही विचारले पाहिजे. पुढच्या कर्जमाफीच्या शासन निर्णयात पश्चात्तापाचे कलम नको, अंगठ्यांची रांग नको. दोन कलमे मात्र हवीत: मक्त्याने कसणाऱ्याचे पीककर्ज लाभार्थ्याच्या व्याख्येत घ्या, आणि ज्या खात्यावर माफी जमा होईल त्या खातेदाराने आपल्या सालगड्याची उचल किती सोडली, ते ग्रामसभेत वाचून दाखवा. पहिल्या कलमाला महसूल खाते विरोध करील. दुसऱ्याला विरोध करायला माझेच मित्र सर्वांत आधी उठतील, आणि तेव्हा त्यांच्यातला कोणी उधळ्या पुत्राची आठवण काढतो का, ते मला ऐकायचे आहे.